व्हाल्प्रोएट की लेव्हेटिरासेटाम: तान्ह्या बाळाच्या यकृताचा प्रश्न

व्हाल्प्रोएट आणि लेव्हेटिरासेटाम ही दोन्ही औषधं फिट्स थांबवतात, पण मूल 2 वर्षांच्या आतलं असेल तर यकृताच्या बाबतीत फरक मोठा आहे. व्हाल्प्रोएटने यकृत निकामी होणं तसं दुर्मीळ, पण धोका याच वयात सर्वाधिक; सोबत फिट्सची इतर औषधं किंवा चयापचयाचा जन्मजात आजार असेल तर आणखी जास्त. पहिले 6 महिने डोळ्यांत तेल घालून पाहावं: उलट्या, दूध नाकारणं, सुस्ती, आटोक्यातल्या फिट्स पुन्हा वाढणं. रक्ततपासणी नॉर्मल असली तरी अशा वेळी लगेच डॉक्टरांना गाठा.

लेव्हेटिरासेटाम बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, यकृतावर भार फारसा नाही. चिडचिड मात्र वाढू शकते. इतक्या लहान बाळासाठी मी तरी डॉक्टरांना आधी याबद्दल विचारेन. चालू औषध मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, फिट्स उसळतात.