भाडं गोठवायचं, की घरं वाढवायची?

निवडणूक जवळ आली की घरभाड्याचा प्रश्न घोषणांच्या तावडीत सापडतो. एक पक्ष म्हणतो, भाडी गोठवू. दुसरा म्हणतो, बांधकामाला आडवे येणारे नियम काढू, घरं वाढली की भाडी आपोआप उतरतील. तेवढ्यात तिसरा पुढे येतो: सरकारनेच बांधावीत घरं! कोणाच्या पारड्यात मत टाकायचं हे ठरवणाऱ्याला एक सोय मात्र आहे. या तिन्ही गोष्टी कुठे ना कुठे करून झाल्या आहेत.

माझा कल आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सावधपणे वाचता येईल. मी घरं वाढवण्याच्या बाजूचा आहे. पण भाडेनियंत्रण मागणाऱ्याला मी अडाणी समजत नाही. पुढच्या करारात भाडं एकदम तिसऱ्या हिश्श्याने वाढणार असं ज्याला घरमालकाने कळवलंय, त्याला 'दहा वर्षांत पुरवठा वाढेल' असं सांगणं हा तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रकार झाला.

एका नदीकाठची दोन शहरं

तुलना करायला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याइतकी सोयीची जागा नाही. मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही मिसिसिपीकाठची जुळी शहरं. हिवाळा तोच, नोकऱ्यांचा बाजार तोच, बांधकाम कंपन्याही बऱ्याचशा त्याच. फक्त दोघांनी वाटा वेगळ्या धरल्या.

मिनियापोलिसने डिसेंबर २०१८ मध्ये नवा विकास आराखडा मंजूर केला. एका प्लॉटवर एकच घर हा जुना नियम गेला, रहदारीच्या मुख्य रस्त्यांवर आणि बस-रेल्वेच्या मार्गांवर उंच इमारतींना वाट मिळाली आणि २०२१ मध्ये प्रत्येक घरामागे पार्किंग ठेवण्याची सक्तीही काढून टाकली. प्यू या संशोधन संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०१७ ते २०२२ या काळात शहरातली घरं १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी १ टक्क्याने. उरलेल्या मिनेसोटात याच काळात भाडी १४ टक्क्यांनी चढली.

सेंट पॉलने नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदान घेऊन वर्षाला ३ टक्क्यांपेक्षा जास्त भाडेवाढ नको असं ठरवलं. मर्यादा कडक होती. नव्या इमारतींनाही लागू, भाडेकरू बदलला तरी लागू, महागाई कितीही वाढली तरी आकडा तोच. बांधकाम परवान्यांचे अर्ज धाडकन खाली आले, मंजूर प्रकल्प थांबले. वर्षही भरलं नव्हतं तोच, सप्टेंबर २०२२ मध्ये, नगर परिषदेने नव्या इमारतींना २० वर्षांची सूट दिली. २०२५ मध्ये तर २००४ नंतर बांधलेली सगळी घरं कायमची वगळली.

इथे थांबून टाळ्या वाजवणं सोपं आहे. पण मिनियापोलिसचं यशसुद्धा जरा उलटसुलट करून पाहावं. जगभर गाजली ती 'एका प्लॉटवर तीन घरं' ही परवानगी, आणि तिच्यातून उभी राहिलेली घरं अगदी थोडी. भर घातली ती मुख्य रस्त्यांवरच्या मोठ्या इमारतींनी आणि पार्किंगच्या नियमाने. म्हणजे घोषणा एका कलमाची आणि काम केलं दुसऱ्याच कलमाने. जाहीरनामे वाचताना हे विसरू नये.

करारात दोन भाडी

सेंट पॉल हे उदाहरण कडक कायद्याचं होतं, त्यावरून सगळ्यांना झोडपू नका, असं कोणी म्हणेल. ठीक. बर्लिन पाहू.

बर्लिनने फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १५ लाख घरांची भाडी जून २०१९ च्या पातळीवर पाच वर्षांसाठी गोठवली. सेंट पॉलची चूक इथे टाळली होती, २०१४ पासूनच्या नव्या इमारती कायद्याबाहेर ठेवल्या होत्या. नोव्हेंबर २०२० पासून ठरावीक पातळीच्या फार वर गेलेली भाडी खाली आणायचीही तरतूद होती. ज्यांच्याकडे घर होतं त्यांच्या खिशात खरोखर पैसे उरले, हे मान्यच करायला हवं.

आणि मग त्या काळातला एखादा नवा करार पाहा. त्यात दोन आकडे असत. एक कायद्याने घेता येईल ते भाडं. त्याच्याच खाली दुसरं, बरंच मोठं: कायदा न्यायालयात टिकला नाही तर हे भाडं, मागच्या तारखेपासून. जर्मन लोक त्याला 'सावलीतलं भाडं' म्हणायला लागले. भाडेकरूने सही कशावर केली? दोन्हींवर. एप्रिल २०२१ मध्ये घटना न्यायालयाने कायदा रद्दबातल ठरवला, कारण भाड्याविषयी केंद्राचा कायदा आधीच असल्यामुळे बर्लिन राज्याला तो अधिकारच नव्हता. सावली अंगावर आली. अनेकांना महिन्यांचा फरक भरावा लागला.

दरम्यान शहरात नव्याने आलेल्या माणसाची कथा वेगळीच. नियंत्रणाखालच्या घरांच्या जाहिराती निम्म्याहून जास्त घटल्या. जुने भाडेकरू स्वस्त घर सोडीनात, मालक रिकामं घर विकू लागले, आणि नवखा माणूस उरलेल्या अनियंत्रित घरांच्या मागे धावू लागला.

सॅन फ्रान्सिस्कोतही हाच धडा सावकाश मिळाला. तिथे १९९४ च्या मतदानाने १९८० पूर्वीच्या छोट्या, चार घरांपर्यंतच्या इमारतींनाही भाडेनियंत्रण लागू झालं. स्टॅनफर्डच्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्या घरांचा माग काढला. त्या घरांतले भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली होती. शाळा बदलायला नको, शेजार तुटायला नको, ही कमाई लहान नाही. पण मालकांनी भाड्याची घरं १५ टक्क्यांनी कमी केली, विकली किंवा पाडून नवी बांधली, आणि शहरभरातलं भाडं सुमारे ५ टक्क्यांनी वाढलं. आतल्यांना जे मिळालं, त्याचा बराचसा खर्च बाहेरच्यांनी उचलला.

माझ्या मते सगळा वाद इथेच आहे. डावं-उजवं नंतर. आत्ता घरात असलेला माणूस की अजून घर न मिळालेला माणूस, हे आधी ठरवा.

रांग आणि टेकू

स्टॉकहोममध्ये भाडी बाजारावर सोडलेली नाहीत, आणि तिथे ही निवड रांगेच्या रूपाने दिसते. वय १८ झालं की महापालिकेच्या घरवाटप संस्थेत नाव घालता येतं, आणि अनेकजण त्याच सुमारास घालतात, घराची गरज असो वा नसो. कारण रांग वर्षांत मोजली जाते: सरासरी नऊ-दहा, शहराच्या मध्यभागी त्याहूनही बरीच जास्त. नोकरीसाठी कालच आलेल्या परिचारिकेला या रांगेचा उपयोग काय? ती पोटभाडेकरू म्हणून राहते, जास्त भाड्यात, कमी हक्कांत. आणि ही व्यवस्था हलवायला गेलं तर काय होतं, तेही स्वीडनने दाखवलं. नव्या घरांची भाडी बाजारावर सोडायच्या नुसत्या प्रस्तावावरून डाव्या पक्षाने पाठिंबा काढला आणि २१ जून २०२१ रोजी पंतप्रधान स्टेफान ल्योवेन अविश्वास ठरावात हरले. स्वीडनच्या इतिहासात पंतप्रधानाने असा ठराव हरण्याची ती पहिलीच वेळ.

मुंबई हे तर या पोथीतलं सगळ्यात जुनं पान. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधली. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. वस्तूचा भाव कायद्याने दाबला की तो मागच्या दाराने बाहेर येतो. इथे तो पागडी होऊन आला. आणि इमारत? भाड्यातून जिन्याचा एक कठडासुद्धा दुरुस्त होत नसेल तर मालक छपराकडे कशाला पाहील? सज्जाखाली लाकडी टेकू, टेकूखाली पाचर, आणि त्या टेकूवरच कोणीतरी बांधलेली कपडे वाळवायची दोरी. दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये वेगळा कायदा करून मंडळ नेमावं लागलं आणि त्यासाठी उपकर बसला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की काळ पुढे गेल्यामुळे गोठवलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी झाली आहे. तेव्हा कुठे १९९९ च्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ आली.

दुरुस्तीचा हा मुद्दा आता ऊर्जेच्या वादातही घुसलाय. थंड देशांत भिंतींना उष्णतारोधक थर लावला तर हीटिंगचं बिल भाडेकरूचं वाचतं, पण खर्च मालकाचा. जर्मनीत मालकाला अशा सुधारणेच्या खर्चाचे ८ टक्के दरवर्षी भाड्यात धरता येतात. भाडं गोठवलं तर थर लागत नाही, नाही गोठवलं तर थराच्या निमित्ताने भाडं वाढतं. या गाठीवर कोणाकडेही स्वच्छ उत्तर मला दिसलेलं नाही.

मग नुसतं बांधत सुटायचं?

पुरवठावाल्यांवरचा नेहमीचा आक्षेप असा: बांधतात ते महागडे टॉवर, गरिबाला काय? आक्षेप रास्त वाटतो, पण पुरावा बराचसा उलट आहे. नव्या महाग घरात जाणारा माणूस आकाशातून पडत नाही. तो एक जुनं घर रिकामं करतो, तिथे दुसरा येतो, त्याचं तिसऱ्याला मिळतं. हेलसिंकीतल्या संशोधकांनी लोकांच्या पत्तेबदलांच्या नोंदींवरून ही साखळी मोजली. शहराच्या मध्यभागी बाजारभावाची १०० नवी घरं झाली की कमी उत्पन्नाच्या निम्म्या वस्त्यांमध्ये सुमारे ६० घरं मोकळी होतात.

न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायची मुभा दिली. पाच वर्षांत परवाने दुपटीवर गेले, आणि हा बदल झाला नसता तर भाडी जिथे असती त्याहून ती पाव हिश्श्याने कमी राहिली, असा तिथल्या अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. 'असतं तर' या शब्दांवर बेतलेला अंदाज आहे, तेवढं लक्षात ठेवूनच घ्यावा.

या मार्गाची खरी दुखणी दोन. पहिलं, व्याजदर. २०२२ नंतर दर चढले तसं नियम कितीही सैल असले तरी अनेक देशांत बांधकाम मंदावलं. परवाना म्हणजे घर नव्हे. दुसरं राजकीय. ज्याचं भाडं गोठलं त्याला कोणी गोठवलं ते माहीत असतं, तो मत देतो. सहा वर्षांनी थोडं स्वस्त घर मिळालेल्याला त्याचं कारण कळतच नाही. उलट शेजारी सहा मजली इमारत उभी राहिलेला माणूस मात्र कोणाचंही नाव विसरत नाही. न्यूझीलंडमध्ये २०२१ साली दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून प्रमुख शहरांत प्लॉटवर तीन घरं, तीन मजले अशी देशव्यापी मुभा दिली. दोन वर्षांत, निवडणुकीच्या तोंडावर, त्या दोघांतला नॅशनल पक्ष मागे सरकला.

सरकारी घरांचं काय? व्हिएन्नाचं नाव सगळेच घेतात. शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं, आणि शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं महापालिकेच्या किंवा अनुदानित घरात. हे खरं आहे. पण १९२३ पासून १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं उभी राहिली ती जमीन स्वस्तात हाती आली म्हणून. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी गोठली, मग महागाईने त्यांची किंमत शून्य झाली, खासगी बांधकाम संपलं, जमिनीचे भाव कोसळले आणि पालिकेने त्या विकत घेतल्या. सिंगापूरनेही १९६६ च्या भूसंपादन कायद्याने आधी जमीन घेतली, मग घरं. तेव्हा 'आम्ही बांधू' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: जमीन कोणाची? शिवाय एका सरकारने बांधलेलं दुसरं सरकार विकू शकतं. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना सरकारी घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला आणि एकट्या इंग्लंडमध्ये जवळपास २० लाख घरं गेली.

ठरवायचंच झालं तर

तुम्ही भाड्याच्या घरात आहात, मुलं शाळेत आहेत आणि हलायचं नाही, तर भाडेनियंत्रण तुमच्या फायद्याचं आहे. तसं मत दिलंत तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तीन कलमं वाचा: नव्या इमारतींना पुरेशा वर्षांची सूट आहे का, घर रिकामं झाल्यावर मर्यादा उठते का, आणि वाढीचा आकडा महागाईशी जोडलाय का. तिन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर ते २०२१ चं सेंट पॉल आहे. तुम्ही शहरात यायच्या बेतात असाल, किंवा मुलगी पाच वर्षांनी वेगळं घर शोधणार असेल, तर दुसऱ्या बाजूचा जाहीरनामा उघडा आणि परवाना देण्याचा अधिकार कोणाकडे ठेवलाय ते पाहा. तो गल्लीतल्या हरकतींवर अवलंबून असेल तर बाकीची पानं वाचायची गरज नाही.

मला विचाराल तर मी अमेरिकेतल्या ओरेगॉनसारख्या कायद्याला मत देईन. त्या राज्याने २०१९ या एकाच वर्षात दोन्ही केलं: भाडेवाढीला महागाई अधिक ७ टक्के अशी सैल मर्यादा, १५ वर्षांपर्यंतच्या नव्या इमारती मोकळ्या, आणि दहा हजारांवर लोकसंख्येच्या शहरांत एका प्लॉटवर एकापेक्षा जास्त घरं बांधायची मुभा. मर्यादा इतकी सैल होती की २०२३ मध्ये महागाई भडकल्यावर ती १४.६ टक्क्यांवर गेली आणि भाडेकरू चिडले. विधिमंडळाने त्याच वर्षी वर १० टक्क्यांचं झाकण बसवलं. नव्या इमारतींची सूट मात्र तशीच ठेवली.