फ्रॉकवाला कॉस्च्युम: अखाजी (अक्षय्य तृतीया) ते दिवाळी वापरल्यावर

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. माहेरी अमळनेरला भाऊ विहिरीत उड्या मारायचे आणि आम्ही बहिणी वरून बघायचो, त्यामुळे एक्केचाळिसाव्या वर्षी आयुष्यातला पहिला कॉस्च्युम घेतला. धुळ्यात आमच्या लेडीज बॅचला सुती कपडे चालत नाहीत. ते पाणी पिऊन जड होतात आणि त्यांचे तंतू फिल्टरमध्ये जातात. पंजाबी ड्रेसवर आलेल्या एका ताईंना पहिल्याच दिवशी परत जावं लागलं.

मी ऑनलाइन मागवला तो फ्रॉकवाला: गडद निळा, अर्ध्या बाह्यांचा, पुढे चेन, आत गुडघ्यापर्यंत पँट आणि तिच्यावर कमरेला शिवलेला घेर. कापड नायलॉन आणि स्पॅन्डेक्सचं, ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो. सासूबाईंनी तो तारेवर बघितला आणि म्हणाल्या, "हाई काय शे व माय, पोरीना फ्रॉक?"

पहिली चूक मापाची. कुर्त्याच्या हिशेबाने एक्सएल घेतला. घरी आरशासमोर छान बसला, पाण्यात मात्र पाठीत फुगा आणि खांदे घसरलेले. ओलं झालं की हे कापड सैलावतं, म्हणून कोरडा असताना थोडा आवळच वाटायला हवा. छाती-कंबर सगळेच मोजतात, पण खांद्यावरून पुढून खाली, पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवून बघा. ते माप चुकलं की एकतर खांदे काचतात किंवा खाली झोळ येतो. एकदा घातलेला परत घेत नाहीत, त्यामुळे एक्सएल कपाटात गेला आणि एक साइज लहान आला.

घालायचा कोरड्या अंगावर, बसून. पँटचे पाय मोज्यासारखे गुंडाळून आधी गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांवर घ्या. खालून नीट बसल्याशिवाय बाह्यांत हात घालू नका. ओढताना बोटांची पेरं वापरा. माझ्या नखाने एक धागा निघाला तो आजही दिसतो. आणि मंगळसूत्र आधी काढा! माझी वाटी चेनमध्ये अडकली तेव्हा हनुवटी छातीला टेकवून दहा मिनिटं उभी होते, बाहेर बॅच सुरू झालेली.

आता त्या घेराबद्दल. पाण्यात पाय ठेवला आणि तो पोळ्याच्या बैलाची झूल वाऱ्याने उडावी तसा कमरेभोवती वर आला. ज्यासाठी घेतला, तेच झाकेना. उताणं तरंगताना त्यात हवा भरायची, पाय मारताना पाणी अडायचं. शेवटी प्रशिक्षक मॅडमनी सांगितलं म्हणून दोन्ही बाजूंनी घेराला पँटशी दोन-दोन टाके घातले, पॉलिस्टरच्या दोऱ्याने. तेव्हापासून वर येत नाही, पण ओढ राहतेच. दुसरी तक्रार बाथरूमची: एकसंध असल्यामुळे ओला कॉस्च्युम खांद्यापासून सोलावा लागतो आणि परत चढवताना जीव जातो.

धुण्यात मी माती खाल्ली. मे महिन्यात पारा ४३ वर असताना गच्चीवर टाकायचे, तासाभरात कडक. क्लोरीनने स्पॅन्डेक्स हळूहळू मरतंच, त्यात आपलं ऊन. खांद्यावर निळ्याचा वांगी रंग झाला आणि पाठीकडच्या कापडाचा ताण गेला. तलावातून निघाल्या निघाल्या साध्या पाण्यात खळबळून काढा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. मशीन नको. छातीला कप असतील तर काढून वेगळे वाळत घाला. बसायच्या जागी गोळे आलेत, ते काठाच्या खरबरीत फरशीमुळे. आता टॉवेल टाकून बसते.

पुढचा मी बिनघेराचा, गुडघ्यापर्यंतचा साधा घेणार आहे, पॉलिस्टर-पीबीटी कापडाचा. त्यात स्पॅन्डेक्स नसतं, म्हणून ताण कमी पण क्लोरीनला जास्त टिकतो. पण पहिल्या दिवशी तसा घालून मी चेंजिंग रूमच्या बाहेर आले असते का? नसतेच आले. घेराचे पैसे तेवढ्यासाठी वसूल.

पुढच्या अखाजीनंतर जाऊबाईही यायचं म्हणतात. त्यांना कपाटातला एक्सएल दाखवला आणि हेही सांगितलं की साधा जास्त बरा पडेल. त्या म्हणाल्या, फ्रॉकच दे. टाके घालून ठेवलेत.