नौपाड्यातलं वाचनालय: कात्रणांच्या फायलींसाठी नक्की जा

लेकीला ८ मार्चच्या भाषणासाठी एक महिला महापौर निवडायची होती. मी स्टाफ नर्स आहे म्हणून तिने मुंबईच्या माजी महापौर किशोरी पेडणेकर निवडल्या, कारण त्या पण आधी नर्स, आणि ते पण आपल्या इथे न्हावा शेवाला, जेएनपीटी बंदराच्या हॉस्पिटलात. नेटवर जे मिळालं ते सगळं एकमेकांचं कॉपी पेस्ट, म्हणून मैत्रिणीने हे वाचनालय सांगितलं आणि आम्ही ऐरोलीहून ट्रेन पकडून ठाण्याला गेलो.

आमच्याकडे मेंबरशिप नव्हती तरी वाचनालयातल्या मॅडमनी परत पाठवलं नाही, बसून वाचायची पावती केली आणि कात्रणांच्या दोन जाड फायली काढून दिल्या. वर्षाप्रमाणे लावलेल्या, तारीख पेनाने घातलेली. २००२ ला पहिल्यांदा नगरसेविका, मग २०१२, २०१७, आणि नोव्हेंबर २०१९ ला बिनविरोध महापौर, सगळं ओळीने सापडलं.

एप्रिल २०२० चा नायर हॉस्पिटलमधला फोटो आला तिथे मात्र मी थांबलेच. महापौर नर्सच्या युनिफॉर्ममध्ये, स्टाफला धीर द्यायला आलेल्या. तेव्हा मी लेकीला आजीकडे ठेवलेलं, ड्यूटी करून आलं की रिकामं घर, बिल्डिंगमधले लोक लिफ्टमध्ये सोबत यायचे नाहीत. अशा वेळी शहराची पहिली नागरिक आपला युनिफॉर्म घालून आली याचं आम्हा नर्सेसना काय वाटलं ते लेकीला मी त्या टेबलावर बसून पहिल्यांदा सांगितलं.

लेकीने भाषणात लिहिलं होतं की कोविडमध्ये महापौरांनी सगळी हॉस्पिटलं चालवली. मॅडमनी वही वाचली आणि म्हणाल्या, "बाळा, तेव्हा आयुक्त कोण होतं ते आधी बघ." महापालिका आयुक्त आधी प्रवीण परदेशी, मे २०२० मध्ये बदली होऊन इकबालसिंह चहल आले. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने मुंबईचा कारभार आयुक्ताच्या हातात, महापौर सभागृह चालवतात, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मलाच नवीन होतं, इतकी वर्षं मतदान करतेय. मला तर उलट त्या फोटोची किंमत वाढल्यासारखी वाटली, हातात थेट अधिकार नसताना पण बाई हॉस्पिटलात गेली. मुंबईच्या पहिल्या महिला महापौर सुलोचना मोदी, १९५६ च्या, हे पण तिथेच कळलं. आणि आमच्या शेजारच्या ठाण्यात २०१७ ला मीनाक्षी शिंदे महापौर झाल्या त्याची कात्रणं वेगळ्या फायलीत होती.

आता त्रास. जिना चढून जावं लागतं, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जा. झेरॉक्स मशीन बंद होतं, बाहेर फाईल नेऊ देत नाहीत (ते बरोबरच आहे), त्यामुळे लेकीने सगळं हाताने उतरवलं, दोन तास गेले. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपून मुंबई महापालिकेवर प्रशासक आला, त्यानंतरची कात्रणं फारच कमी आहेत, ती कुणीतरी लावायला हवीत.

दुपारी जा, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं येतात मग जागा मिळत नाही. पाण्याची बाटली आणि पेन न्या.