ओव्हरक्लॉक, अंडरव्होल्ट की आहे तसंच? घरचा डेस्कटॉप जोडून झाल्यावरचा निर्णय

मशीन जोडून झालं, विंडोज चढलं, ड्रायव्हर पडले, सगळं चालतंय. आता बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) उघडून काही बदलायचं की त्याला हातच लावायचा नाही? समोर तीन वाटा आहेत. कंपनीने दिलेल्या सेटिंगवर चालवणं, व्होल्टेज किंवा वॉटची मर्यादा खाली आणणं म्हणजे अंडरव्होल्ट, आणि वेग वर नेणं म्हणजे ओव्हरक्लॉक. बहुतेक जण या तिन्हींची तुलना 'किती वेग मिळतो' यावरच करतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: यातली प्रत्येक वाट बिघडते तेव्हा कशी बिघडते, आणि तो बिघाड तुम्हाला शोधता येईल का?

आधी वेगाचं बघू, कारण तिथे काळ बराच बदलला आहे. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर होता. बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकी बोर्डशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग ६६ वरून १०० केला की तो ४५० वर चालायचा, आणि बरेचसे नग तसे चालले. सरळ दीडपट! तेव्हा कंपनी प्रत्येक चिपमध्ये मोठी जागा शिल्लक ठेवायची आणि ती आपण वापरायचो. आज ती जागा कंपनी स्वतःच वापरते. एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्सचा मूळ वेग ३.८ गिगाहर्ट्‌झ असला तरी तापमान आणि वीज परवडेल तसा तो आपणहून ४.७ पर्यंत जातो. अशा चिपवर सगळे कोअर (प्रोसेसरमधले वेगवेगळे काम करणारे भाग) ४.६ ला पक्के बांधले, तर व्हिडिओ रेंडरिंगसारख्या कामात थोडा फायदा होईल, पण एकदोन कोअरवर चालणाऱ्या कामात मशीन आधीपेक्षा मंद होईल, कारण ४.७ ची उडी तुम्हीच बंद केलेली असते. हाताने केलेलं ओव्हरक्लॉक मूळ सेटिंगपेक्षा मंद ठरू शकतं, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

त्यात विजेचा हिशेब. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवलं, तर वीज आणि उष्णता साधारण २७ टक्क्यांनी वाढते. उलट वेग तोच ठेवून व्होल्टेज ५ टक्के उतरवलं, तर जवळपास १० टक्के वीज वाचते. अंडरव्होल्टची सगळी ताकद या वर्गात आहे. आजचे प्रोसेसर तापमान पाहून वेग ठरवतात, त्यामुळे कमी व्होल्टेजवर चिप थंड राहते आणि पुष्कळदा स्वतःहून जास्त वेळ वरच्या वेगावर टिकते.

आधी स्वतःचं सामान बघा

इंटेलमध्ये प्रोसेसरचा गुणक (मूळ घड्याळाला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) बदलायला नावात 'के' असलेला प्रोसेसर लागतो आणि झेड मालिकेतला मदरबोर्ड लागतो. एएमडीमध्ये बी आणि एक्स मालिकेतले बोर्ड चालतात, ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांचे गुणक बंद आहेत. ७८००एक्स३डी असेल तर 'कर्व्ह ऑप्टिमायझर', म्हणजे व्होल्टेज पायरीपायरीने उतरवण्याची एएमडीची सोय, मात्र खुला असतो, त्यामुळे तुमच्यासाठी निवड मूळ सेटिंग आणि अंडरव्होल्ट या दोघांतच उरते. ९८००एक्स३डीमध्ये जादा कॅश (चिपमधली झटपट मेमरी) कोअरच्या खाली गेली, गुणक खुला झाला. तरीही खेळांमधला त्याचा खरा जोर त्या कॅशमध्येच आहे, वेग शंभर-दोनशे मेगाहर्ट्‌झने वाढवण्यात नाही.

'मूळ सेटिंग' म्हणजे नक्की कोणाची?

ज्याला कटकट नको त्याला सगळे सांगतात, आहे तसंच चालव. सल्ला चांगलाच आहे, पण बायोसमधली 'ऑटो' सेटिंग ही प्रोसेसर कंपनीची असेलच असं नाही. ती बोर्ड बनवणाऱ्याची असते. कोअर आय९-१३९००के ची इंटेलने ठरवलेली कमाल मर्यादा २५३ वॉट आहे, पण अनेक बोर्डांवर ती मर्यादा मुळात काढूनच टाकलेली असायची. पुढे तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये अस्थिरतेचं मोठं प्रकरण झालं. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू झिजत होत्या. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (बायोसबरोबर येणारी प्रोसेसरची आतली दुरुस्ती) दिला, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी दिला, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढ्यांचा प्रोसेसर असेल तर पहिलं काम बायोस अपडेट, बाकी सगळं नंतर. आधीच झिजलेली चिप मात्र अपडेटने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते.

मूळ सेटिंगचा सर्वांत मोठा फायदा बिघाडाच्या वेळी कळतो. काहीही न बदललेलं मशीन रिस्टार्ट होत असेल, तर दोष सामानात, जोडणीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे, तुमच्या आकड्यांत नाही. बोर्डवरचे चार छोटे दिवे बघा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ज्याच्यापाशी दिवा अडकून राहतो तिथून सुरुवात करा. सीपीयूजवळची आठ पिनची वीजजोडणी अर्धवट बसलेली असणं, रॅमची स्टिक एका टोकाला 'टक्' न करता राहणं, कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म तशीच असणं, यांतून पहिल्या दिवशीचे कितीतरी बिघाड होतात. वॉरंटीसाठी बोलतानाही तुमची बाजू स्वच्छ असते.

रॅम: न मोजलेलं ओव्हरक्लॉक

इथे जरा थांबतो, कारण 'मी काही ओव्हरक्लॉक करत नाही' म्हणणारे बहुतेक जण रॅमचं प्रोफाइल सुरू करतात. एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅममध्येच साठवलेली जास्त वेगाची तयार सेटिंग, सुरू करणं हे ओव्हरक्लॉकच आहे. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५२०० आहे, चार स्टिक लावल्या तर तो ३६०० वर येतो. खोक्यावर ६००० लिहिलेला संच घेऊन प्रोफाइल चालू केलं की प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर त्याच्या अधिकृत मर्यादेबाहेर चालू लागतो. बहुतेक वेळा तो आनंदाने चालतो, पण चालेलच याची हमी प्रोसेसर कंपनी देत नाही, आणि त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही. २०२३ मध्ये काही बोर्डांनी एक्सपोबरोबर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं व्होल्टेज) इतकं चढवलं की काही ७००० मालिकेतल्या एक्स३डी चिप जळाल्या, आणि एएमडीला ते १.३ व्होल्टवर रोखावं लागलं.

रॅमची चूक प्रोसेसरच्या चुकीपेक्षा मला जास्त धोकादायक वाटते. प्रोसेसर अस्थिर असला की मशीन बंद पडतं, तुम्हाला कळतं. रॅम अस्थिर असली की मशीन चालूच राहतं आणि एखादा फोटो, एखादी झिप फाइल गुपचूप बिघडते. लक्षणं विखुरलेली असतात: ब्राउझरचा टॅब अधूनमधून कोसळतो, एखादं इन्स्टॉलेशन अर्ध्यात 'फाइल खराब आहे' म्हणतं आणि पुन्हा केलं की होतं. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत चूक सुधारण्याची सोय आहे, पण ती मॉड्यूल आणि प्रोसेसर यांच्यामधल्या प्रवासाचं रक्षण करत नाही, आणि जास्त वेगामुळे चुका नेमक्या तिथेच होतात.

म्हणून तिन्ही वाटांपैकी कुठलीही निवडली तरी प्रोफाइल सुरू केल्यावर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक मान्य करू नका. 'एकच तर आली' हा युक्तिवाद इथे चालत नाही. वेग एक पायरी खाली घ्या आणि पुन्हा तपासा. दोन स्टिक असतील तर त्या बोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच लावा, बहुधा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या. आणि एएम५ बोर्डवर (रायझन ७००० ज्यावर बसतात ते) पहिल्यांदा किंवा रॅमचं सेटिंग बदलल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नका, रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डने तिच्याशी वेग जुळवून घेणं, चालू असतं.

अंडरव्होल्ट: नफा जास्त, दोष लपलेला

रायझन ९ ७९५०एक्स घ्या. पूर्ण जोरात तो २३० वॉटपर्यंत खातो आणि ९५ अंशांवर चालणं हे त्याचं ठरलेलं वागणं आहे. इको मोडमध्ये, म्हणजे बायोसमधल्या वॉट मर्यादा उतरवण्याच्या सोयीत, १०५ वॉटचा पर्याय निवडला की प्रत्यक्ष मर्यादा १४२ वॉट होते, ६५ निवडला की ८८. वेगात पडणारा फरक विजेच्या फरकापेक्षा खूपच कमी असतो. आणि यात व्होल्टेजचा आकडा तुम्ही ठरवतच नाही, फक्त एकूण खाणं मर्यादित करता, त्यामुळे अस्थिरतेची भीती जवळपास नाही. गरम खोलीत, लहान कॅबिनेटमध्ये किंवा पंख्याच्या आवाजाने वैतागलेल्या माणसाने इथूनच सुरुवात करावी, आणि खुशाल इथेच थांबावं.

पुढची पायरी कर्व्ह ऑप्टिमायझर. एक पाऊल म्हणजे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. थेट उणे ३० लावणाऱ्यांचे आकडे बघून तसंच करू नका, प्रत्येक चिप वेगळी, आणि एकाच चिपमधला प्रत्येक कोअरही. उणे १० ने सुरुवात करा. इथला बिघाड उलट्या जागी दिसतो. तासभर सिनेबेंच ही भाराची चाचणी सुरळीत चालते आणि नंतर मशीन नुसतं बसलेलं असताना, मेल वाचताना रिस्टार्ट होतं. कारण हलक्या कामात एखादा कोअर सर्वांत वरच्या वेगावर उडी मारतो आणि तिथे त्याला कमी व्होल्टेज पुरत नाही. त्यामुळे सगळ्या कोअरवर भार टाकणारी चाचणी इथे पुरेशी नाही. कोअरसायकलरसारख्या साधनाने एकेक कोअर वेगळा तपासावा लागतो, रात्रभर चालू ठेवावा लागतो.

आणखी एक फसवणूक: व्होल्टेज फार कमी झालं की काही रायझन कोसळत नाहीत, आतल्या आत घड्याळ ताणतात. दाखवलेला वेग तोच, काम मात्र कमी. म्हणून एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक' (प्रत्यक्षात मिळालेला वेग) बघा आणि प्रत्येक बदलानंतर बेंचमार्कचा आकडा लिहून ठेवा.

ओव्हरक्लॉक: कष्ट उघडे, फळ थोडं

ओव्हरक्लॉकचे बिघाड तुलनेने प्रामाणिक असतात. जोराचा भार टाकला, तापमान चढलं, ब्लू स्क्रीन आला. प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी चाचणी आणि वाय-क्रंचर लवकर सत्य सांगतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया-लॉगर' (WHEA-Logger) १९ क्रमांकाच्या नोंदी दिसू लागल्या, तर हार्डवेअर चुका करून स्वतः सुधारतं आहे. मशीन चालतंय म्हणून दुर्लक्ष करू नका, १८ क्रमांकाची नोंद हा पुढचा टप्पा, आणि तेव्हा रिस्टार्ट झालेलं असतं. 'कर्नल-पॉवर ४१' वर मात्र वेळ घालवू नका, ती फक्त मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच सांगते.

अडचण ही की आज स्थिर असलेलं ओव्हरक्लॉक वर्षभराने स्थिर राहीलच असं नाही. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेत चिप झिजते, त्याच वेगाला आणखी व्होल्टेज लागू लागतं. ज्याला या सगळ्याची खरी आवड आहे, मशीन कसं चालतं हे हाताने शिकायचं आहे, त्याच्यासाठी यासारखा अभ्यास नाही, मी त्याला कधीच अडवणार नाही. पण फक्त खेळात चार फ्रेम वाढाव्यात म्हणून करत असाल, तर तोच वेळ रॅमच्या टायमिंगवर (उत्तर द्यायला रॅम किती थांबते त्या आकड्यांवर) किंवा ग्राफिक्स कार्डवर घालवा.

ग्राफिक्स कार्ड ही प्रयोगाला सर्वांत क्षमाशील जागा. जास्त ताणलं तर बहुधा ड्रायव्हर कोसळून परत उठतो, बाकी मशीन शाबूत राहतं. आरटीएक्स ४०९० सारख्या ४५० वॉटच्या कार्डावर आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली तरी खेळताना फरक जाणवणं कठीण. मेमरीचा वेग वाढवताना मात्र जीडीडीआर६एक्स जातीची मेमरी असलेल्या कार्डांवर डोळ्यांवर विसंबू नका. चुका झाल्या की ती डेटा पुन्हा पाठवतात, स्क्रीनवर ठिपके दिसत नाहीत, फक्त स्कोअर घसरतो. स्कोअर वाढायचा थांबला की एक पायरी मागे या.

मग कोणी काय घ्यावं?

मशीनवर हिशेब, प्रबंध, ग्राहकांचं काम असेल तर मूळ सेटिंग, प्रोसेसर कंपनीची वॉट मर्यादा, आणि रॅम तपासूनच प्रोफाइलवर. चार स्टिक असतील तर प्रोफाइलही सोडा. खेळ आणि घरचं मिश्र काम असेल तर इको मोड किंवा हलकं अंडरव्होल्ट, शिवाय ग्राफिक्स कार्डची मर्यादा खाली. माझं मत विचाराल तर दहांतल्या आठ वाचकांची जागा हीच. ओव्हरक्लॉक त्यांनी करावं ज्यांच्याकडे दुसरं मशीन कामाला आहे, बॅकअप आहे आणि तपासायला सुट्टीचे दिवस आहेत.

कुठलीही वाट घ्या, एका वेळी एकच बदल करा. रॅमचं प्रोफाइल, कर्व्ह आणि ग्राफिक्स कार्ड एकाच संध्याकाळी बदलून मशीन कोसळलं, तर दोषी कोण हे कोणालाच सांगता येणार नाही. संशय आला की पहिल्यांदा सगळं मूळ सेटिंगवर न्या आणि तरीही बिघाड होतो का पाहा. मशीन बूटच होत नसेल तर वीज बंद करून, प्लग काढून सीएमओएसच्या (बायोसची सेटिंग साठवणाऱ्या मेमरीच्या) दोन पिना पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे जोडा किंवा नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा. आणि बायोस अपडेट करण्याआधी आपल्या आकड्यांच्या पानांचे फोनवर फोटो घ्या, कारण साठवलेली प्रोफाइलं अपडेटमध्ये बहुधा पुसली जातात. नव्या बायोसवर ते आकडे परत भरले, तरी सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घ्याव्या लागतात.