सिस्को कॅटॅलिस्ट ९३००: सीपीयूची राखण चोख, पण कुणापासून?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कोअर स्विच (सगळं नेटवर्क जोडणारा मुख्य स्विच) म्हणून ९३०० घेणारे पोर्ट मोजतात, स्पीड बघतात. कंट्रोल प्लेन पोलिसिंगचं, म्हणजे स्विचच्या सीपीयूकडे जाणाऱ्या पॅकेटांवरच्या मर्यादेचं, पान कुणी उघडत नाही. खरं तर पैसे तिथेच वसूल होतात.

ही पॉलिसी स्विचमध्ये मुळातच चालू असते. सीपीयूकडे जाणारी पॅकेटं ३२ क्यूंमध्ये (रांगांमध्ये) विभागली जातात आणि त्यांवर पॅकेट प्रति सेकंद अशी मर्यादा असते. शेडमधल्या साध्या स्विचला कुणी पॅचकॉर्डची दोन्ही टोकं खुपसली, तरी त्या लूपमुळे उसळलेल्या ब्रॉडकास्टच्या लोंढ्यात स्पॅनिंग ट्रीची (लूप रोखणाऱ्या प्रोटोकॉलची) पॅकेटं अडकत नाहीत, त्यांची क्यू वेगळी.

तपासायला 'शो प्लॅटफॉर्म हार्डवेअर फेड स्विच ॲक्टिव्ह क्यूओएस क्यू स्टॅट्स इंटर्नल सीपीयू पोलिसर' ही लांबलचक कमांड. (पाठ करायच्या भानगडीत पडू नका, चिकटवून ठेवा.) मिनिटाभराच्या अंतरानं दोनदा चालवा आणि ड्रॉपचा आकडा कुठल्या क्यूचा वाढतोय ते बघा. नुसता आकडा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो जुना साठलेला असू शकतो.

आपल्याकडे हमखास सापडतो तो आयसीएमपी रीडायरेक्ट, म्हणजे 'थेट दुसऱ्या राउटरकडे जा' असा पॅकेट पाठवणाऱ्याला जाणारा निरोप. बॅकअप लाइनचा राउटर पीसींच्याच व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवलेला असतो, म्हणजे पॅकेट ज्या व्हीलॅनमधून आलं त्याच व्हीलॅनमध्ये परत जातं आणि दरवेळी सीपीयूला खबर लागते. इथे क्यूचा रेट वाढवणं म्हणजे लोड सीपीयूच्या गळ्यात घालणं. व्हीलॅन इंटरफेसवर 'नो आयपी रीडायरेक्ट्स' द्या. रेटशी आधीच खेळून ठेवलं असेल, तर 'सीपीपी सिस्टिम-डिफॉल्ट' मूळ आकडे परत आणतं.

आणखी एक: गेटवेला पिंग टाकून लाइन खराब ठरवू नका. स्विचच्या स्वतःच्या आयपीला येणारं पिंगही पोलिसिंगखाली येतं. पलीकडच्या सर्व्हरला पिंग करा.

उणीव मोठी आहे. मर्यादा पोर्टनिहाय नाही. एका बिघडलेल्या पीसीनं एआरपीचा (आयपीवरून मॅक पत्ता शोधणाऱ्या पॅकेटांचा) मारा केला की क्यू भरते आणि बाकीच्यांचं एआरपीही गळतं. सीपीयू शाबूत, माणसं ऑफलाइन. त्यासाठी ॲक्सेस पोर्टवर (पीसी जोडलेल्या पोर्टवर) स्टॉर्म कंट्रोल (पोर्टवरच्या लोंढ्याला मर्यादा) किंवा डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (एआरपी पॅकेटांची तपासणी) हवंच. इन्स्पेक्शनची मर्यादा अनट्रस्टेड पोर्टला मुळात सेकंदाला १५ पॅकेट. ओलांडली की पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे बंद. स्टॅटिक आयपीचे पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर) आणि कॅमेरे असतील तर आधी एआरपी एसीएल (त्यांच्या पत्त्यांची परवानगी यादी) लिहा, नाहीतर उत्पादनाची लाइनच थांबेल.

गेटवे फायरवॉलवर असून स्विचनं नुसती व्हीलॅन वाटायची असतील, तर ९३०० नको. ९२०० मध्येही सीपीयूची ही राखण आहे.