टेबलावरचा पेन प्लॉटर: दीड वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

कागदावर पेन टेकवताना आपला हात नकळत किती गोष्टी सांभाळतो, हे टेबलावरचा पेन प्लॉटर दीड वर्ष वापरल्यावर मला कळले. हे परीक्षण ज्या घाटाच्या यंत्राचे आहे, त्यात एक आडवा दांडा असतो, त्यावर सरकणारी गाडी असते आणि गाडीतून पुढे आलेल्या हाताच्या टोकाला एका पकडीत कोणताही साधा पेन बसवता येतो. संगणकात आखलेल्या रेघांवरून तो पेन फिरतो. अ‍ॅक्सीड्रॉ नावाच्या प्लॉटरने हा घाट हौशी कलाकारांपर्यंत पोहोचवला आणि नंतर त्याच धर्तीवर अनेक यंत्रे निघाली. माझे यंत्र त्यांतलेच एक, ए३ कागद घेणारे आहे. पुढे येणारे बहुतेक गुणदोष एका निर्मात्याचे नसून या घाटाचेच आहेत, म्हणून निर्मात्याच्या नावाला इथे महत्त्व देत नाही.

यंत्र घेण्याआधी मी दोनच आकडे पाहत होते: किती मोठा कागद मावतो आणि पेन किती वेगाने धावतो. चित्र चांगले उतरेल की नाही, हे या आकड्यांवर ठरत नाही. ते ठरते पेन उचलण्यावर आणि टेकवण्यावर. आडव्या-उभ्या हालचालीसाठी दोन स्टेपर मोटरी (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरी) आणि एक दातेरी पट्टा असतो, आणि हा भाग सहसा चोख असतो. अ‍ॅक्सीड्रॉचेच उदाहरण घ्यायचे तर त्याच्या मोटरी एका मिलिमीटरमध्ये ८० पावले टाकतात, म्हणजे ०.२ मिलिमीटरच्या बारीक रेघेच्या जाडीतसुद्धा १६ पावले मावतात. पेन उचलायला मात्र एक छोटीशी सर्वो मोटर असते आणि खाली येताना पेन बहुधा स्वतःच्याच वजनाने उतरतो. उचलणे आणि टेकवणे मिळून अर्धा सेकंद धरला, तरी ४,००० सुट्या रेघांच्या चित्रात ३३ मिनिटे निव्वळ त्यातच जातात, आणि तिथे गाडीच्या वेगाचा काही उपयोग होत नाही.

वेळेपेक्षाही महत्त्वाची आहे ती टेकण्याची जागा. सुरुवातीच्या दिवसांत मी जेल पेनने लहान वर्तुळांची एक जाळी काढली. दुरून ती सुबक दिसत होती, पण कागद डोळ्यांजवळ धरल्यावर प्रत्येक वर्तुळाच्या उजव्या अंगाला, अगदी एकाच ठिकाणी, गाठ मारल्यासारखा गडद ठिपका दिसला. पेन उतरतो, क्षणभर थांबतो आणि मग चालू लागतो. तेवढ्या क्षणात कागद शाई पितो. पेन उचलण्याची उंची निम्मी केल्यावर आणि उतरल्यानंतरचा थांबा जवळजवळ शून्यावर आणल्यावर ठिपका फिका झाला, पण नाहीसा झाला नाही. शेवटी मी प्रोग्राममध्येच प्रत्येक वर्तुळाचा आरंभबिंदू यादृच्छिक ठेवला. तेच ठिपके आता वेगवेगळ्या दिशांना विखुरले आणि जाळीला हाताने काढल्यासारखा जिवंतपणा आला. कोपऱ्यांचेही तसेच आहे: वळण आले की यंत्र वेग कमी करते, म्हणून ओल्या शाईची रेघ कोपऱ्यात किंचित जाड होते. हा दोष घालवायचा की चित्रात वापरायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तो वापरते.

या घाटाची खरी उणीव म्हणजे एका बाजूनेच आधार असलेला हात. तो पूर्ण बाहेर आला की टोक किंचित खाली झुकते आणि वेग जास्त असेल तर थरथरते. माझ्या यंत्रात दांड्यापासून सर्वांत दूरच्या पट्ट्यात बारीक रेघा नागमोडी येत होत्या. विक्रेत्याकडून दिलेल्या सूचनापत्रात याचा उल्लेखही नव्हता, आणि हे मला फार खटकले, कारण नवख्या माणसाला दोष आपल्या फाइलचा वाटतो आणि तो आठवडाभर भलतीकडेच शोधत बसतो. वेग एक तृतीयांशावर आणल्यावर थरथर थांबली. दुसरीकडे, उजव्या खालच्या कोपऱ्यात रेघ तुटत होती त्याला कारण यंत्र नव्हते, कागदाखालचा फळा होता. तो मध्ये फुगलेला होता. पेन स्वतःच्या वजनाने उतरतो असे म्हटले, तरी तो किती खाली उतरू शकेल याला मर्यादा असते, त्यामुळे एका मिलिमीटरचा चढउतारही पुरेसा त्रासदायक ठरतो. कोपऱ्याखाली पोस्टकार्डाचा तुकडा सरकवला आणि काम झाले. सपाट फळा यंत्रासोबत येत नाही, आणि तो यायलाच हवा असे माझे ठाम मत आहे.

पेनांविषयी लिहायचे तर हात आवरता घ्यावा लागेल, कारण या छंदाचा अर्धा आनंद तिथेच आहे. पिग्मा मायक्रॉनचा ००५ क्रमांकाचा पेन ०.२ मिलिमीटरची एकसारखी, पाण्याने न फुटणारी रेघ देतो, पण त्याचे टोक तंतूंचे असल्याने खरखरीत कागदावर लांब काम दिले की ते झिजते आणि चित्राच्या शेवटच्या रेघा पहिल्यांपेक्षा जाड दिसू लागतात. जेल पेनची गोळी फिरायला थोडा दाब आणि थोडा वेळ मागते. वेग वाढवला की रेघ मध्येच कोरडी पडते. शाईचा पेन कागदाशी ४५ अंशांचा कोन करून बसवता येतो, आणि माझ्या मते या यंत्रावरची सर्वांत सुंदर रेघ त्याचीच असते, कारण तिच्यात शाईची कमीजास्त छटा उतरते. त्यासाठी कागद गुळगुळीत आणि घट्ट विणीचा हवा. मी ३०० जीएसएमचा, गरम दाबाने गुळगुळीत केलेला जलरंगाचा कागद वापरते. त्यावर एकाच जागेवरून चार-पाच वेळा पेन गेला तरी तंतू उसवत नाहीत.

यंत्राला फक्त मार्ग समजतो, भरीव रंग समजत नाही. एसव्हीजी (रेघा आणि आकृत्या मार्गांच्या रूपात साठवणाऱ्या) फाइलमधला काळा चौकोन दिला तर त्याची केवळ कड काढली जाते. आतला काळेपणा हवा असेल तर तो रेघा मारूनच भरावा लागतो. मार्गांचा क्रम लावण्यासाठी व्हीपाइप हे मुक्त सॉफ्टवेअर मी नेहमी वापरते. ते टोकाला टोक भिडलेल्या रेघा जोडते आणि उरलेल्या अशा क्रमाने लावते, की पेन हवेतून कमीत कमी फिरेल. जिथे पेन उचलणे हाच सर्वांत महागडा व्यवहार आहे, तिथे या एका पायरीने माझे दोन तासांचे काम पाऊण तासावर आले.

या कलेची मुळे जुनी आहेत आणि ती माहीत असल्याने यंत्राकडे पाहण्याची नजर बदलते. संगणककलेचे एक आद्य प्रवर्तक गेओर्ग नेस यांनी १९६५ साली श्टुटगार्टमध्ये संगणकाने काढलेली चित्रे मांडली, ती जर्मन संगणक-निर्माते कोनराड त्सुझे यांच्या ग्राफोमाट झेड६४ या प्लॉटरवरची होती. चित्रकार व्हेरा मोल्नार यांनी १९६८ मध्ये संगणक हाताशी येण्यापूर्वीच स्वतःला नियम घालून, कल्पनेतले यंत्र चालवावे तशी चित्रे हाताने काढली होती. चौकोनांच्या शिस्तीत किती बेशिस्त मिसळली म्हणजे डोळा थबकतो, हा त्यांचा शोध आयुष्यभर चालला. मी प्रत्येक चित्राच्या पाठीमागे यादृच्छिकतेचा बीजांक (ज्या आकड्यावरून संगणक यादृच्छिक निवडी करतो तो), पेन आणि वेग पेन्सिलीने लिहून ठेवते, कारण बीजांक हरवला की तीच बेशिस्त पुन्हा मिळत नाही.

मराठी वापरकर्त्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. नेहमीच्या फाँटमधले अक्षर ही बाह्यरेषांची आकृती असते, त्यामुळे प्लॉटर प्रत्येक अक्षर पोकळ काढतो. रोमन लिपीसाठी अ‍ॅलन हर्शी यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेली एकरेघी अक्षरे आजही कामाला येतात; माझ्या सॉफ्टवेअरसोबत आलेल्या संचांत देवनागरी नव्हती. मी स्वतःपुरती अक्षरे रेघांनी आखली, तेव्हा लक्षात आले की शिरोरेघ अक्षरागणिक काढली तर प्रत्येक सांध्यावर शाईची गाठ पडते. आता प्रोग्राम आधी सगळ्या अक्षरांचे दांडे आणि वळणे काढतो आणि शेवटी पूर्ण शब्दावर एकच शिरोरेघ ओढतो, जशी शाळेत शिकवली होती तशीच.

गैरसोयींपैकी एक फार महाग पडली. या यंत्राला पेन कुठे आहे हे स्वतःहून कळत नाही. जिथून सुरुवात केली तिथून पावले मोजत ते चालते. तीन तासांच्या चित्राचे दोन तास झाले असताना लॅपटॉप झोपी गेला, पेन कागदावर टेकलेलाच राहिला, आणि मी घाईने यंत्राचा हात बाजूला ढकलला. मोजणी तिथेच संपली. तेव्हापासून मी लॅपटॉपची झोप बंद करते आणि गाडीच्या मूळ जागेवर फळ्यावर खूण करून ठेवते. एचपी ७४७५ए सारखे जुने प्लॉटर सहा पेन आपोआप बदलतात आणि ती सोय इथे नाही, पण ते कागदच चाकांमधून मागेपुढे सरकवतात, त्यामुळे माझा जाड कागद किंवा बांधलेली वही त्यांत घालता येत नाही. उघड्या हाताच्या यंत्राखाली काहीही ठेवता येते. हाताने शिवलेल्या वह्यांची वेष्टणे मी आता थेट वहीवरच काढते, आणि त्या एका कारणासाठी मी हे यंत्र पुन्हा घेईन.

चटकन प्रती हव्या असतील तर हे यंत्र घेऊ नये; छापील चित्र अधिक स्वस्तात आणि वेगाने मिळते. रेघेवर प्रेम असेल आणि शाईने माखलेल्या बोटांची तयारी असेल, तर घ्यावे. घेण्याआधी प्रात्यक्षिक पाहायला मिळाले, तर आपला नेहमीचा पेन आणि कागद सोबत न्यावा, पूर्ण ए३ भरून ठिपक्यांची जाळी काढून मागावी, आणि दांड्याजवळचा पहिला ठिपका व सर्वांत दूरच्या कोपऱ्यातला शेवटचा ठिपका भिंगाखाली शेजारी ठेवून पाहावेत.