एक्सपीची सीडी, एएचसीआयचा ड्रायव्हर आणि ती एक दीडशहाणी खिडकी : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

परवा विंडोज एक्सपीची ही स्वतः बनवलेली सीडी पुन्हा ड्रॉवरमधून काढली, एकाला कॉपी करून द्यायला, आणि म्हटलं आता आठ महिने झाले, लिहून टाकूच. एनलाइट (विंडोजची सीडी बदलून नवी बनवायचा प्रोग्रॅम) आणि एफ६ (सेटअपला बाहेरून ड्रायव्हर द्यायची कळ) यांच्याशी झुंजणाऱ्यांसाठीच लिहितोय, ज्यांना ही नावं माहीत नाहीत त्यांची एक्सपीशी गाठ पडलेली नाही, सुखी आहात, तसेच रहा.

झालं असं की माझ्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. आधी टकटक, मग एक दिवस गप्प. हा लॅपटॉप मी फक्त फिल्म स्कॅनरसाठी ठेवलाय, स्कॅनरचा ड्रायव्हर ३२ बिट एक्सपीच्या पुढे सरकतच नाही आणि स्कॅनर अजून ठणठणीत आहे, त्यामुळे तो टाकायचा प्रश्नच नाही. चालू वस्तू फेकायची माझी तयारी कधीच नसते. रिकव्हरी पार्टिशन (विंडोज परत टाकायचा डिस्कचा राखीव भाग) त्याच डिस्कवर होतं, म्हणजे तेही गेलं. नवीन डिस्क बसवली, मूळ एसपी२ (सर्व्हिस पॅक २) वाली एक्सपीची सीडी टाकली, खाली "सेटअप इज स्टार्टिंग विंडोज" आलं आणि धाडकन निळा स्क्रीन, शेवटी ७बी हा एरर कोड.

तो घेऊन सर्व्हिसवाल्याकडे गेलो ही पहिली चूक. त्याने स्क्रीन बघून दहा सेकंदात सांगितलं, मदरबोर्ड गेला. मी म्हटलं अहो लिनक्सची लाइव्ह सीडी (डिस्कवर न टाकता थेट सीडीवरून चालणारी) लावली तर डिस्क दिसते, फॉरमॅट होते, कॉपी होते, मग मदरबोर्ड कसा गेला? तर म्हणे लिनक्सचं वेगळं असतं. वर तपासणीचे पैसे मागितले. दिले नाहीत. थोडी शाब्दिक झाली, लॅपटॉप काखोटीला मारून परत.

खरं कारण एवढंच की एक्सपी आली २००१ मध्ये आणि एएचसीआय, म्हणजे साटा डिस्कशी बोलायची नवी पद्धत, आली त्यानंतर. सीडीवर त्या कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपचा, ड्रायव्हरच नाही. सेटअपला डिस्क कशी बोलते तेच कळत नाही, म्हणून ७बी, बूट डिव्हाइसपर्यंत पोचता येत नाही. ज्यांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगांत) साटा मोड आयडीई, म्हणजे जुनी पद्धत, किंवा कंपॅटिबल करायचा पर्याय आहे त्यांनी तो करावा, एक्सपी टाकावी आणि हे पुढचं वाचूही नये. माझ्या बायोसमध्ये तो पर्यायच नाही. तारीख, पासवर्ड, बूट ऑर्डर, संपलं.

एफ६ चा मार्ग आहेच, सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबा आणि ड्रायव्हर द्या. फक्त तो द्यायचा फ्लॉपीवरूनच, ए ड्राइव्हमधूनच. पेन ड्राइव्ह चालत नाही, दुसरी सीडी चालत नाही. लॅपटॉपला फ्लॉपी नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, पण सेटअपला त्यातली ठरावीकच मॉडेलं ओळखता येतात, आणि बाकीच्यांचा प्रकार असा की सुरुवातीला बायोसच्या मेहरबानीने वाचतात आणि फायली कॉपी करायच्या वेळी पुन्हा फ्लॉपी मागून अडून बसतात. एका कामासाठी तसला ड्राइव्ह विकत घेणं मला पटेना. व्हिस्टापासून "लोड ड्रायव्हर" बटण आलं, पेन ड्राइव्ह लावा आणि मोकळे व्हा. एक्सपीवाल्यांच्या नशिबी फ्लॉपी.

म्हणून एनलाइट. दुसऱ्या मशीनवर टाकलं, मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट २.० लागतं त्याला. सीडी फोल्डरमध्ये कॉपी केली, एसपी३ त्यात मिसळून घेतला, ते काम इतकं गुळगुळीत झालं की मी खूश. मग ड्रायव्हर. इंटेलचा एफ६ फ्लॉपीसाठीचा ३२ बिटवाला झिप घ्यायचा, मोठी सेटअपची ईएक्सई नाही, ती एनलाइटला तशीच देऊन उपयोग नाही. झिप उघडला की आयएस्टोर डॉट सिस (हाच तो ड्रायव्हर), दोन आयएनएफ आणि टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम दिसलं पाहिजे. ती ओईएम फाइल नसेल तर तुम्ही चुकीचं पॅकेट उचललंय.

आता ती खिडकी. ड्रायव्हर दिला की एक चिमुकली खिडकी येते, त्यात मोड विचारतात, पीएनपी की टेक्स्टमोड. बस्स. कुठला कशासाठी हे ओरडून सांगणारं काही नाही. मी आपला पीएनपी ठेवला, कारण प्लग अँड प्ले म्हणजे आधुनिक आणि टेक्स्टमोड म्हणजे काहीतरी जुनाट असणार असं वाटलं. सीडी बर्न, बूट, निळा स्क्रीन, ७बी. बर्न खराब झाला असेल म्हणून सगळ्यात कमी स्पीडवर दुसरी बर्न केली. तेच. म्हणजे दोन सीड्या आणि एक अख्खी संध्याकाळ एका खिडकीपायी.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. एक्सपीचा सेटअप दोन तुकड्यांत चालतो. पहिला तो निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचा, टेक्स्ट मोड, त्यात पार्टिशन करतो आणि फायली डिस्कवर कॉपी करतो. मग रीस्टार्ट होऊन दुसरा, खिडक्यांवाला. पीएनपी म्हणून दिलेले ड्रायव्हर दुसऱ्या तुकड्यात कामाला येतात, म्हणजे ते आधी डिस्कवर कॉपी व्हायला हवेत, आणि डिस्क तर दिसतच नाहीये! कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेण्यासारखं. टेक्स्टमोड निवडलं की एनलाइट तो ड्रायव्हर सीडीवरच्या टीएक्सटीसेटअप डॉट सिफमध्ये नोंदवतं, कंट्रोलरच्या आयडीसकट, म्हणजे सेटअप सुरू होतानाच तो लोड होतो. एवढं एक वाक्य त्या खिडकीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? अख्खं सॉफ्टवेअर एवढं विचार करून बनवलंय, दर पानावर टिपा आहेत, आणि जिथे माणूस हमखास आपटणार तिथे दोन शब्द आणि एक बटण. आठ महिने झाले तरी माझा त्या खिडकीवरचा राग गेलेला नाही. बायको म्हणते सोड आता. नाही सोडत.

टेक्स्टमोड निवडलं की खाली कंट्रोलरांची यादी येते, तिथे दुसरा सापळा. सगळी इंटेलच्या चिपांची नावं, आयसीएच७, आयसीएच८, आयसीएच९, एम वाले, बिनाएम वाले, रेडवाले (अनेक डिस्क एकत्र जोडणारे). आपला कुठला? अंदाज करू नका. लाइव्ह लिनक्सवर एलएसपीसीआय ही कमांड एनएन लावून चालवा, साटाच्या ओळीत कंसात नंबर येतो. माझा आला ८०८६:२९२९. ८०८६ म्हणजे इंटेल, २९२९ म्हणजे आयसीएच९एम, एएचसीआय मोडमध्ये. तीच ओळ निवडायची. एम म्हणजे मोबाइल, लॅपटॉपवाला, तो एम विसरलात तर पुन्हा ७बी. कंट्रोल दाबून एकापेक्षा जास्त ओळी घेता येतात, मी आयसीएच८एम पण घेतला आणि त्याचं कारण सांगतो, कारण अख्ख्या प्रकारात हीच एक गोष्ट मला मनापासून आवडली.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत खोटा संगणक चालवणारा प्रोग्रॅम) व्हर्च्युअल मशीनला साटा कंट्रोलर लावला तर तो नेमका इंटेलचा आयसीएच८एम असल्याचं सोंग घेतो, आयडी २८२९. म्हणजे आयएसओ (अख्ख्या सीडीची एकाच फाइलमधली प्रत) बनवा, व्हर्च्युअल मशीनची डिस्क आयडीईवरून काढून साटावर टांगा आणि बूट करा. पार्टिशनचा स्क्रीन आला म्हणजे ड्रायव्हर बरोबर मिसळलाय, निळा स्क्रीन आला तर खिडकीने पुन्हा दगा दिला. एकही सीडी न जाळता कळतं. हे आधी माहीत असतं तर माझ्या दोन सीड्या वाचल्या असत्या. फक्त ध्यानात ठेवा, तिथे पास झाली म्हणजे २८२९ पास झाला, तुमची स्वतःची ओळ निवडली नसेल तर लॅपटॉपवर नापासच.

तिसरी सीडी चालली. पार्टिशनच्या स्क्रीनवर डिस्कचा आकडा दिसला तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. त्या सर्व्हिसवाल्याला फोटो पाठवावा असं फार वाटलं, नंबर नव्हता.

इथपर्यंतचा अनुभव पहिल्याच आठवड्यात लिहिला असता तर पाचपैकी साडेचार दिले असते. पुढे मत बदलत गेलं.

पहिले दोन महिने लॅपटॉप चालला, पण रडतखडत. फाइल सेव्ह करताना डिस्कचा दिवा पेटलेलाच, मोठा स्कॅन लिहायला घेतला की माऊससुद्धा अडखळायचा. मी खुशाल ड्रायव्हरला दोष दिला. दोन जणांना सांगूनही टाकलं की एएचसीआय म्हणजे नुसता गाजावाजा, आयडीईच बरं होतं. एवढी यातायात करून वर हे, असं झालेलं.

मग तिसऱ्या महिन्यात स्कॅनर अडला. त्याच्यासोबतच्या जुन्या प्रोग्रॅमवर माझं इतके दिवस भागत होतं, पण दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून स्कॅन करायला गेलो तर त्याला स्कॅनर दिसेचना. शोधता शोधता कळलं की विंडोज इमेज ऍक्विझिशन नावाची सर्व्हिसच मशीनमध्ये नाही. का नाही? कारण मी शहाण्याने एनलाइटमध्ये कंपोनंट काढायच्या पानावर जाऊन भाषा, कीबोर्ड, खेळ, स्क्रीनसेव्हर करत करत तेही काढलेलं, हलकी सीडी पाहिजे म्हणून! आणि एनलाइटने काढलेलं नंतर परत घालायचा धड मार्ग नाही, मूळ सीडी दाखवूनही ते विंडोजच्या यादीतच येत नाही. स्कॅनरसाठी ठेवलेल्या मशीनमधून स्कॅनरची सर्व्हिस काढून टाकणारा मीच. इथे खिडकीला दोष देता येत नाही, दिला असता.

तर पुन्हा नवी सीडी. आणि मूळ सीडीची ताजी कॉपी घेऊनच सुरुवात, एकदा एनलाइटमधून गेलेल्या फोल्डरवर पुन्हा एनलाइट चालवू नका, नोंदी दुप्पट होतात आणि मग कुठली चूक कुठून आली ते कळत नाही. अजून एक, सुरुवातीला "लास्ट सेशन" म्हणून जुन्या सेटिंगांची यादी दिसते, मोह होतो, पण त्यात काढलेल्या कंपोनंटांची निवडही परत येते. मी ती उचलली होती, शेवटच्या पानावर दिसलं म्हणून वाचलो. यावेळी फक्त दोन टिका, सर्व्हिस पॅक आणि ड्रायव्हर्स. बाकी कुठल्याही पानाकडे बघितलंसुद्धा नाही.

आता परत टाकतोच आहोत तर म्हणून हळू चालण्याचं मूळही शोधलं. नवीन डिस्क ॲडव्हान्स्ड फॉरमॅटवाली होती, आतून ४०९६ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे कप्पे) आणि बाहेरून ५१२ चे दाखवणारी, म्हणजे आतला एक तो बाहेरचे आठ. एक्सपीचा सेटअप पहिलं पार्टिशन जुन्या सवयीने ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतो आणि ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे विंडोजचा प्रत्येक ४ केबीचा तुकडा डिस्कवरच्या दोन सेक्टरांवर विभागून बसतो. एक तुकडा लिहायला डिस्कला दोन सेक्टर वाचून परत लिहावे लागतात. म्हणून तो दिवा पेटलेला! लाइव्ह लिनक्सवरून जीपार्टेड या पार्टिशन करायच्या प्रोग्रॅमने २०४८ व्या सेक्टरपासून पार्टिशन करून घेतलं, एक्सपीच्या सेटअपमध्ये ते न पुसता त्याच्यावरच टाकली, आणि लॅपटॉप एकदम माणसात आला. तेव्हा आयएस्टोरला दिलेल्या सगळ्या शिव्या मागे घेतो, आणि ज्या दोघांना आयडीईचा सल्ला दिला त्यांचीही माफी. अर्थात साध्या फिरत्या डिस्कवर एएचसीआयने काही गगनभरारी घेतलेली नाही, डिस्कची कामं रांगेत लावणारं एनसीक्यू वगैरे असेल, मला हाताला फरक जाणवला तो पार्टिशनचा.

त्यानंतरचे पाच महिने तक्रार नाही. झोपतो, उठतो, स्कॅन करतो. नेटला जोडलेला नाही आणि जोडणारही नाही, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, तो मुद्दा वादाचा नाहीच.

ज्याला कॉपी हवी होती त्याच्या लॅपटॉपची चिप नंतरच्या पिढीतली निघाली, म्हणजे माझी सीडी त्याला उपयोगाची नाही, ड्रायव्हरही नवा लागेल. जुना आणि नवा दोन्ही एकाच सीडीत कोंबायचं त्याच्या डोक्यात होतं, पण दोघांच्याही फाइलचं नाव आयएस्टोर डॉट सिस, एक दुसरीवर बसणार. त्यापेक्षा त्याची वेगळी बनवू म्हटलं. काल फोनवर त्याला एकेक पायरी सांगत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, झालं सगळं, ड्रायव्हर दिला, आता पीएनपीच ठेवू ना?